खान मॅडम मिळाल्या पाहिजेत

हौसेराव जगदाळे यांनी नोकरीत एकच शब्द लिहिला, पण तो एकतीस वर्षं लिहिला. ‘तपासले.’ त्याखाली सही आणि सहीखाली तारीख. वरचा मजकूर कायम दुसऱ्याचा. त्या एका शब्दाच्या धाकाने कचेरीतले भलेभले सरळ चालत असत, असं ते स्वतः सांगत. आणि दुसरं कोणी सांगत नसल्यामुळे वारंवार सांगत.

त्यामुळे घणसोलीच्या ‘सागरदीप’ सोसायटीला पंचवीस वर्षं झाल्याबद्दल निघणाऱ्या स्मरणिकेत एक अख्खा लेख, तोही स्वतःच्या नावाने लिहायचं काम आलं, तेव्हा हौसेरावांनी आधी चष्मा पुसून घेतला. नाव छापून येणार होतं. तसं ते एकदा लग्नपत्रिकेत आलं होतं, पण तिथे ‘हौशेराव’ झालं होतं, आणि मुक्ताबाई अजून म्हणत की पत्रिकेतल्या माणसाशी लग्न झालं असतं तर बरं झालं असतं.

लेखाचा विषय होता कमळाबाई मढवी. बाई तळवलीच्या, आणि सोसायटीच्या तळमजल्यावरचे तीन गाळे त्यांचे. तिथून रोज अडीच हजार तांदळाच्या भाकऱ्या निघत, सगळ्या हातावर थापलेल्या, आणि तळोज्याच्या कारखान्यांच्या कँटीनपासून लग्नाच्या हॉलपर्यंत जात. बावीस बायका कामाला होत्या. सोसायटी त्यांना ‘उद्योगरत्न’ देणार होती. ही सोसायटीची रीतच होती. ज्याच्या गाळ्यातून जास्त धूर येतो त्याच्याशी एकतर भांडायचं नाहीतर त्याचा सत्कार करायचा.

कमळाबाईंची गोष्ट सगळ्यांना पाठ होती, कारण ती ‘कमळीची भाकर’च्या पाकिटामागे छापलेली होती. ‘१९९४. ठाणे-बेलापूर रस्ता. रणरणतं ऊन. तळोज्याच्या उद्योजिका खान मॅडम यांची गाडी बंद पडते. रस्त्याकडेला एक गरीब स्त्री भाकरी खात बसलेली असते. मॅडम एक घास मागतात. त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. त्या म्हणतात, उद्या चाळीस आण. बाकी इतिहास आहे.’ मोबाइलवर मुलाखती घेणाऱ्या एका मुलीने आधी याचा व्हिडिओ केला होता, तो नऊ लाख लोकांनी पाहिला होता, आणि मग तोच मजकूर पाकिटावर आला होता.

हौसेरावांनी पाकीट वाचलं आणि शेवटच्या ओळीखाली पेन्सिलने लिहिलं, ‘बाकी इतिहास आहे, तर वरचं काय आहे?’

उद्योजकांच्या गोष्टी ते नेहमी असेच वाचत, पेन्सिल हातात धरून. प्रत्येकाच्या खिशात सुरुवातीला दोनशेच रुपये कसे? प्रत्येक जण गणितातच नापास कसा? ‘सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढलं’, म्हणजे नेमकं कोणी, त्यांचे पत्ते कुठे आहेत? आणि बारा-पंधरा वर्षं जी नुसती राबण्यात गेली, ती एका ओळीत उरकलेली: ‘मग त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.’ मागे वळून पाहिलं नाही, तर ही गोष्ट कोणी सांगितली? असे शेरे त्यांनी समासात गिचमिड्या अक्षरात मारून ठेवलेले असत. पण त्या गोष्टी वाचताना दर वेळी त्यांना चष्मा काढून पुसावा लागे, हे मात्र त्यांनी कुठल्याच समासात लिहिलं नव्हतं.

समितीच्या बैठकीत त्यांनी उभं राहून जाहीर केलं, “मी एकही वाक्य तपासल्याशिवाय छापणार नाही. खान मॅडमना मी स्वतः भेटणार.”

इथे घात झाला. सेक्रेटरी भगवान चव्हाण हा उत्साही माणूस. त्याने एवढंच ऐकलं की जगदाळे काका खान मॅडमना आणतायत. दुसऱ्या दिवशी निमंत्रणपत्रिका छापून आली. ‘प्रमुख पाहुण्या : खान मॅडम (पहिली भाकरी ओळखणाऱ्या)’. तीनशे प्रती. कार्यक्रमाला सोळा दिवस होते आणि खान मॅडमचं पहिलं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं.

कमळाबाईंचा मुलगा दीपेश धंद्याची जाहिरात बघायचा. हौसेराव त्याच्याकडे गेले. तो म्हणाला, “काका, त्या लो प्रोफाइल असतात. फोन वगैरे नाय उचलत.” आणि घाईघाईने टेम्पो लावायला निघून गेला. टेम्पो लावलेलाच होता, हे हौसेरावांच्या नंतर लक्षात आलं.

मग शेजारी सल्ले द्यायला लागले. दुसऱ्या मजल्यावरच्या सुनयनाताई म्हणाल्या, खान मॅडम दुबईला गेल्या, मी स्वतः ऐकलंय. कोणाकडून, ते त्यांना आठवेना. चौथ्या मजल्यावरचा प्रितेश म्हणाला, “टेन्शन नका घेऊ, एआयला विचारतो,” आणि त्याच्या मोबाइलने खान मॅडमचा जन्म, शिक्षण आणि तीन पुरस्कार क्षणात सांगितले. हौसेरावांनी त्याखाली सही कोणाची आहे असं विचारल्यावर प्रितेश हसत सुटला.

शेवटी ते फाइल काखेत घेऊन तळोज्याला गेले. पाकिटावर तळोजा होतं ना, मग तळोज्यापासून सुरुवात. जिथे ‘कमळीची भाकर’ जाते अशा एका कारखान्याच्या फाटकाशी त्यांनी “तपासणीसाठी आलोय” एवढंच म्हटलं. ते खोटं नव्हतं. पण त्या दिवशी तिथे खरोखरच कसल्याशा तपासणीला साहेब यायचे होते. हौसेरावांच्या डोक्यावर पिवळं हेल्मेट बसवलं गेलं, पुढे मॅनेजर, मागे चार माणसं, अशी मिरवणूक निघाली. “मला फक्त खान मॅडमबद्दल…” असं ते दोनदा म्हणाले, पण प्रथमोपचाराच्या पेटीवरच्या रजिस्टरात दोन महिन्यांच्या सह्या नाहीत हे त्यांना दिसलं आणि माणूस हरवला. दीड तासात त्यांनी सात रजिस्टरं पाहिली आणि सातही ठिकाणी ‘तपासले’ लिहिलं. निवृत्तीनंतरचा तो त्यांचा सर्वांत सुखाचा दिवस होता. मग खरे साहेब आले.

त्या भेटीचा शेवट कसा झाला हे हौसेराव सांगत नाहीत. हेल्मेट मात्र डोक्यावरच राहिलं, आणि मुक्ताबाई आता त्यात कांदे ठेवतात.

त्यानंतर त्यांनी एका कार्यालयात रीतसर अर्ज केला, की सन १९९४च्या उन्हाळ्यात सदर रस्त्यावर खान आडनावाच्या महिलेचे वाहन बंद पडल्याची नोंद आहे काय. खिडकीतल्या माणसाने अर्ज तीनदा वाचला आणि विचारलं, “गाडी तुमची होती?” नाही म्हटल्यावर, “बाई तुमच्या कोण?” कोणी नाही म्हटल्यावर तो अशा नजरेने बघू लागला, की हौसेरावांना घाईने सांगावं लागलं की माझी पत्नी हयात आहे. अर्जाला पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही.

“आवं, तुमी त्या कमळाबायलाच का इचारत न्हाई?” मुक्ताबाई म्हणाल्या.

ज्याची तपासणी करायची त्यालाच विचारणं हे कार्यपद्धतीत बसत नव्हतं. पण दहाच दिवस उरले होते. हौसेराव तळमजल्यावर उतरले.

गाळ्यात आठ तवे तापलेले, डोक्यावर दोन एक्झॉस्ट घोंगावत होते. कमळाबाई उकड मळत होत्या. कोणाची भाकरी कोणती हे त्या काठावरच्या बोटांच्या ठशावरून ओळखत; एकीची कडेला फाटलेली भाकरी त्यांनी न बघता, नुसत्या स्पर्शाने बाजूला काढली. हौसेरावांना फार आदर वाटला. खरी तपासणी ही, असं त्यांच्या मनात आलं.

“कमळाताई, तुमची पहिली ऑर्डर…”

“मना पयली ऑर्डर खानीन भेटली, दादा. चालीस भाकरींची. सगल्यांना सांगतंय मी.”

हौसेरावांनी वहीत लिहिलं, ‘खानीण’. पाटलाची पाटलीण, खानाची खानीण. बरोबर.

“त्या आता कुठे असतात?” त्यांनी आदराने विचारलं.

“त्या? त्या कवाच बंद झाल्या. सरकारनी बंद केल्या.”

हौसेरावांचं पेन थांबलं. “बंद केल्या? कशासाठी?”

“लोकांच्या डोल्यान धूल जायची ना. लय तक्रारी झाल्या.”

“अरे बापरे. पण तुम्हाला तर त्यांनी…”

“तसा नाय बोलाचा दादा. आमा किती बायांना पोसलं त्यांनी. पन माणसा बी मेली त्यांच्यापायी, ता बी खरा हाय.”

“आणि राहायला… म्हणजे आधी कुठे होत्या?”

“शिरवण्याच्या वरच्या अंगाला.”

घरी येऊन हौसेराव पाणी प्यायले आणि मुक्ताबाईंना हळू आवाजात म्हणाले, “बाई तुरुंगात गेली होती. लोकांच्या डोळ्यांत धूळफेक. वर मनुष्यवध.”

“आन तिला तुमी पत्रिका छापून बोलावलीय,” मुक्ताबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी हौसेराव शिरवण्याला. शिक्षा भोगून आलेल्या बाईची चौकशी चारचौघांत कशी करायची, हा नाजूक प्रश्न होता. त्यांनी पानवाल्याला विचारलं, “इकडे कोणी खान मॅडम… वयस्कर… सध्या घरीच असतात अशा?” पानवाल्याने लगेच समोरची बिल्डिंग दाखवली. “मॅडम ना? पहिला माळा. चप्पल बाहेर काढा, नायतर ओरडतात.”

दार उघडणाऱ्या बाई सत्तरीच्या, पांढऱ्या केसांच्या, कानामागे लाल पेन खोचलेल्या. पाटीवर ‘शमीम खान, निवृत्त शिक्षिका’ असं होतं. हौसेराव खुर्चीच्या कडेवर बसले.

“मॅडम, विचारू नये, पण… मध्यंतरी आपण काही वर्षं… आत होतात का?”

“होते ना. एकोणतीस वर्षं.”

“एकोणतीस!”

“शाळेच्या आत. मराठी शिकवत होते. तुम्ही कोण?”

हौसेरावांनी सगळं सांगितलं. पत्रिका दाखवली. बाईंनी त्यांना कोकमाचं नाही, आपल्या मिरजेच्या माहेरी करतात तसं चिंचेचं सरबत दिलं, आणि म्हणाल्या, “हे पाकीट आल्यापासून तिघे जण येऊन गेले. एकाला फ्रँचायझी हवी होती. मी तांदळाची भाकरी जन्मात खाल्लेली नाही, मला ज्वारीची लागते. पण थांबा, त्या बाई काय म्हणाल्या? त्यांचे शब्द सांगा, तुमचे नको.”

वहीत होतं. हौसेरावांनी वाचलं. ‘मना पयली ऑर्डर खानीन भेटली.’

बाईंनी कानामागचं लाल पेन काढलं.

“तळवलीच्या ना? आगरी. माझ्या वर्गात निम्मी मुलं तशी होती. निबंधात लिहायची, ‘मी घरान बसलो, शालेन गेलो.’ घरान म्हणजे घरात. शालेन म्हणजे शाळेत. मग खानीन?”

हौसेरावांनी वहीतला शब्द पुन्हा वाचला.

“खाणीत, जगदाळे. दगडाच्या खाणीत. इथे वर डोंगरात होत्या त्या. धुळीपायी बंद झाल्या.” बाईंनी वहीतल्या ‘खानीण’वर लाल गोल काढला. “तुम्ही सप्तमी विभक्तीला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलंयत.”

हौसेरावांनी चिंचेचं सरबत एका घोटात संपवलं. मोबाइलवाल्या पोरीने मुलाखतीत चुकीचं ऐकलं तर समजण्यासारखं होतं. पण ‘तपासले’ लिहिणाऱ्या माणसाने ‘त्या’ म्हणजे आदरार्थी बाई धरली, आणि ते नुसतं अनेकवचन होतं.

पण त्यांच्या स्वभावात एक चांगली गोष्ट होती. चूक सापडली की, ती स्वतःची असली तरी, त्यांना आनंद व्हायचा. ते तडक दीपेशकडे गेले. दीपेशने मान खाली घातली. “मला माहीत होतं, काका. व्हिडिओ आला तेव्हाच. पण नऊ लाख व्ह्यूज झाले हो. स्टोरीला माणूस लागतो. खाणीला कोण लाइक करणार?”

“आणि आईला?”

“आईला वाचता नाय येत. व्हिडिओ हिंदीत होता. ती फक्त बोलली, पोरगी गोड हाय.”

तेव्हा हौसेरावांनी स्वतः कमळाबाईंसमोर स्टुलावर बसून पाकीट मोठ्याने वाचून दाखवलं. गाडी बंद पडली, तिथे बाई हसल्या. डोळ्यांत पाणी आलं, तिथेही हसल्या. ‘उद्या चाळीस आण’ आलं आणि त्यांचे हात उकडीत थांबले.

“मंग पुतला कुटं हाय?”

“कोण पुतळा?”

एक्झॉस्ट बंद करायला सांगून कमळाबाईंनी गोष्ट सांगितली. त्या स्वतः खाणीत खडी फोडायच्या. दुपारी सुरुंग उडाला की धूळ बसेपर्यंत सगळ्यांनी लांब जाऊन जेवायचं. पुतळाबाई ही साताऱ्याकडची, बायकांच्या टोळीची मुकादम. सकाळपासून घण मारून बायकांना रात्रीचं शिळं खावं लागायचं. एकदा पुतळाने कमळीच्या फडक्यातली भाकरी मोडून खाल्ली आणि म्हणाली, उद्या चाळीस आण, टोळीसाठी, आणि उद्यापासून घण नको धरूस, तुझं काम मी बघते. “चालीस किती ता मना ठाव नवता. दोन इसा, बोलली ती, तवा समजला. घरान पीठ बारा भाकरींचा. अख्ख्या आलीन फिरून पीठ जमवला. महिनाभर माजा घण पुतलानी मारला, तिचा मारून. हात फुटलं तिचं.” कमळाबाईंनी पदराने तोंड पुसलं. “आन माज्या गोष्टीन पुतलाच नाय?”

हौसेरावांच्या हातात पेन्सिल होती, पण शेरा सुचला नाही. गाडीवाल्या मॅडमने एक घास खाऊन चाळीस सांगणं काय कठीण आहे? ज्या बाईच्या स्वतःच्या हातात घण होता तिने दुसरीचाही उचलला, ही गोष्ट खरी मोठी होती, आणि तीच पाकिटावर बसली नव्हती. त्या गोष्टीच्या रजिस्टरात पुतळाबाईंची सही कायमची राहून गेली होती.

त्यांनी लेख एका बैठकीत लिहून भगवानला दिला. भगवानने वाचला, डोळे पुसले, आणि म्हणाला, “लय भारी, काका. पण स्मरणिका कालच छापायला गेली. तुमचा लेख आला नाही म्हणून दीपेशकडचा मजकूर टाकला. तुमच्याच नावाने.”

“माझ्या नावाने? खान मॅडम?”

“पान चौदा. आणि टेन्शन कसलं? लेखात लिहिलंय तशा तुम्हाला एक खान मॅडम मिळाल्यात ना? पत्रिकेत खान मॅडम, खुर्चीत खान मॅडम. खोटं कुठंय?”

साठ वर्षांत पहिल्यांदा नाव बिनचूक छापून येणार होतं, आणि वर सगळं खोटं. हौसेराव दोन दिवस जेवणाला नीट बसले नाहीत. तिसऱ्या दिवशी ते शिरवण्याला जाऊन शमीमबाईंना म्हणाले, “तुम्ही नका येऊ.”

“का नको? पत्रिका आहे ना माझ्या नावाची?” बाई म्हणाल्या. “वर्गात चुकीचं लिहिलेलं फळ्यावरच दुरुस्त करायचं असतं. मात्र त्या भाकऱ्या दोन पाठवून द्या आधी. न खाल्लेल्या वस्तूवर मी बोलत नाही.”

समारंभाला हॉल भरला. मंचावर ‘खान मॅडम’ अशी चिठ्ठी लावलेल्या खुर्चीत शमीमबाई बसल्या. टाळ्या कडकडल्या; सुनयनाताई शेजारणीला म्हणाल्या, दुबईहून आल्या बरं. बाई माइकपाशी उभ्या राहिल्या.

“मी खान. कमळाबाईंची भाकरी मी पहिल्यांदा गेल्या मंगळवारी खाल्ली. ज्वारीसारखी नाही, पण उत्तम आहे. पहिली ऑर्डर मी दिलेली नाही. ती खाणीत मिळाली होती. चूक एका ‘न’ची आहे आणि बाकीची आपल्या सगळ्यांची आहे, कारण गोष्टीतली बाई गाडीतून उतरल्याशिवाय आपल्याला ती मोठी वाटत नाही. ज्यांची ही खुर्ची आहे त्या तिसऱ्या रांगेत बसल्यात. त्यांना बोलवा.”

भगवान घामाघूम झाला. हौसेराव स्वतः उठले, तिसऱ्या रांगेतून एका वाळक्या, काठी टेकणाऱ्या म्हातारीला हात धरून वर घेऊन आले. पुतळाबाईंना शिरवण्याच्या मागच्या चाळीतून शोधायला त्यांना पाऊण तास लागला होता. त्यासाठी ना अर्ज लागला, ना हेल्मेट. म्हातारी ‘खान मॅडम’ चिठ्ठीच्या खुर्चीत बसली, गादी दाबून बघितली, आणि तिला गप्प बसायला कोणी सांगितलं नसल्यामुळे बोलू लागली.

“चाळीस सांगितल्या व्हत्या मी. एकोणचाळीसच आल्या व्हत्या. मोजल्या मी.”

सभागृहात हसू पसरलं. कमळाबाई हसल्या नाहीत. ‘उद्योगरत्न’ची शाल अंगावर होती, तिच्याखालून त्यांनी फडक्यात बांधलेली भाकरी काढली.

“एक वाटंन मी खाल्ली, पुतले. पीठ जमवता जमवता उपाशी व्हतंय. तुला सांगाची लाज वाटली. तीस वरसा सांगाची व्हती.” आणि भाकरी तिच्या हातात ठेवली.

पुतळाबाईंनी भाकरी डोळ्यांजवळ धरली. त्यांना आता नीट दिसत नाही. त्यांनी काठावरून बोट फिरवलं, ठसा लागला तिथे थांबवलं, आणि म्हणाल्या, “तुझ्याच हातची हाय.” मग तिथेच, प्रमुख पाहुण्यांच्या खुर्चीत, मोडून खाऊ लागल्या.

हौसेराव मंचाच्या कोपऱ्यात उभे होते. त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि या वेळी समोर तीनशे माणसं होती, त्यामुळे लपवता आलं नाही. मुक्ताबाई पहिल्या रांगेतून त्यांच्याकडे बघत होत्या आणि पदराचं टोक त्यांच्याही तोंडाशी गेलं होतं.

खाली उतरल्यावर त्यांनी स्मरणिका उघडली. पान चौदा. ‘खान मॅडम’ खोडून वर लिहिलं, ‘खाणीत, पुतळाबाई’. ‘गाडी बंद पडली’ खोडलं. शेवटच्या ओळीपाशी जागा होती, तिथे लिहिलं, ‘चाळीस भाकऱ्या पूर्ण.’ त्याखाली ‘तपासले’, सही, तारीख.

मग त्यांनी शेजारच्या माणसाची प्रत मागून घेतली.